लहानपणीचा व्हिडिओ गेम आज पुन्हा खेळला तर तितकाच चांगला वाटतो का?

तुमचा प्रश्न मी असा समजतो. तुमचे लहानपण सोलापुरात साखर पेठेत गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या भावाबरोबर काँट्रा आणि मारिओ खेळण्यात दुपारच्या दुपार जायच्या. आता पुण्यात नोकरी करताना तेच खेळ मोबाइलवर घेऊन पाहिले, तर दहा मिनिटांत कंटाळा आला, आणि नऊ वर्षांच्या मुलाने तर त्याआधीच फोन परत दिला. गेमचा जुना संच सोलापूरच्या घरी माळ्यावर आहे आणि दिवाळीत भाऊही तिथे येणार आहे. तेव्हा तो संच दुरुस्त करण्यावर खर्च करावा का, की हे खेळ मुळातच सामान्य होते आणि आपण लहान असल्यामुळे ते मोठे वाटत होते, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरात टीव्ही आणि व्हिडिओ गेम दुरुस्तीचे काम करतो. पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्तीला येणे जवळजवळ थांबले असले, तरी माळ्यावरून काढलेले गेम मात्र गेल्या काही वर्षांत पुन्हा येऊ लागले आहेत, आणि ते आणणारे बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. माझे म्हणणे असे आहे की खेळ टिकला की नाही हे ठरवण्याआधी आपण तोच खेळ पुन्हा खेळलो का, हे तपासले पाहिजे. तुम्ही मोबाइलवर जो खेळलात तो तुमच्या लहानपणीचा खेळ नव्हता. वेग, आवाज, चित्र आणि बटणे या चारही बाबतींत त्यात स्पष्ट फरक होता. तो फरक दूर केल्यानंतर जे उरते त्यावर निकाल द्यावा. तेव्हाही सगळे खेळ टिकतात असे नाही, पण तुम्ही ज्या दोन खेळांची नावे घेतली आहेत ते माझ्या मते टिकतात.

आधी वेगाबद्दल सांगतो, कारण याची कल्पना फार थोड्या लोकांना असते. आपल्याकडे १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही घराघरांत खेळले गेलेले बहुतेक संच हे निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राच्या नकला होते. मूळ यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आले, आणि त्याच्या ६० पिनांच्या कॅसेट ज्यात चालतील अशा नकला पुढे अनेक देशांत विकल्या गेल्या. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही पडद्यावर सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवत. भारतात टीव्ही प्रसारणाची ‘पाल’ ही पद्धत असल्यामुळे आपले टीव्ही ते ५० वेळा उमटवत. त्यामुळे आपल्यासारख्या देशांसाठी बनलेल्या अनेक नकली संचांत ५० च्या चालीची चित्राची चिप घातलेली असे. जुने, चांगल्या बनावटीचे संच उघडले की यूएमसी या तैवानी कंपनीच्या यूए ६५२७ पी आणि यूए ६५३८ या दोन चिपा शेजारी शेजारी बसवलेल्या दिसतात; त्यांतली दुसरी चिप चित्राची.

आता हे खेळ असे लिहिलेले आहेत की पडद्यावर एक चित्र उमटले की खेळ एक पाऊल पुढे सरकतो. मारिओची धाव, कासवाची चाल, संगीतातला पुढचा सूर, सगळे त्या एकाच तालावर चालते. सेकंदाला ६० पावलांसाठी लिहिलेला खेळ ५० वर चालवला की सगळेच सहास पाच या प्रमाणात मंद होते. मोबाइलवरचे ॲप मात्र सहसा मूळ वेगच धरते, म्हणजे तुमच्या आठवणीतल्या खेळापेक्षा ते एक पंचमांशाने जलद चालते. लहानपणी जी उडी डोळे झाकून जमत होती ती आता चुकते, आणि माणूस समजतो की आपली बोटे जड झाली. काही अंशी वयाचा परिणाम असेलही, पण पहिला हिशेब या वेगाच्या फरकाचा आहे. अर्थात हे तुमच्या संचात कोणती चिप होती यावर अवलंबून आहे. काही नकली संच ६० च्या चालीनेच चालत, आणि तुमचा संच त्यांतला असेल तर हा मुद्दा तुम्हाला लागू होणार नाही. संच उघडून पाहिल्याशिवाय ते सांगता येत नाही.

आवाजाची गोष्टही अशीच आहे. या खेळांतले संगीत मुख्यतः चौकोनी लहरींवर चालते. लहर किती वेळ वर राहते आणि किती वेळ खाली, यावर तिचा पोत ठरतो. ५० टक्के वर राहिली तर सूर भरीव वाटतो, २५ टक्के राहिली तर तो बारीक आणि थोडा नाकातला वाटतो. अनेक नकली चिपांमध्ये ही २५ आणि ५० टक्क्यांची जागा उलटसुलट झालेली होती. हा बनावटीतला दोष होता, पण तो लाखो मुलांच्या कानांत बसला. त्यामुळे मूळ खेळातले संगीत आज शुद्ध स्वरूपात ऐकले की ‘चाल तीच आहे, पण काहीतरी वेगळे आहे’ असे वाटते, आणि ते वाटणे बरोबर असते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत खालीच यंत्रमाग चालत होते, तिथल्या काही जणांना तर संगीत आठवतच नाही, कारण मागांच्या खडखडाटात टीव्हीचा आवाज त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही. अशी माणसे माझ्या टेबलावर पहिल्यांदा ते संगीत नीट ऐकतात.

तिसरी बाब बटणांची आणि उशिराची. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र साठवून ठेवत नाही. आलेला संकेत तो तसाच पडद्यावर उतरवतो. सपाट टीव्ही आधी चित्र साठवतो, त्याचा आकार बदलतो, कडा घासूनपुसून घेतो आणि मग दाखवतो. यात सेकंदाचे काही शतांश जातात. मालिका किंवा क्रिकेट पाहताना हे कळत नाही, पण या खेळांत एक पाऊल अवघे २० मिलिसेकंदांचे असते. त्यात तीन-चार पावलांचा उशीर झाला, तर खड्ड्याच्या काठावर बटण दाबूनही मारिओ आत पडतो. हल्लीच्या टीव्हीत गेम मोड नावाची सोय असते. ती चालू केली की हा उशीर बराच कमी होतो, पण चालू करायचे कोणाच्या लक्षात येत नाही. मोबाइलवर तर बटणेच नसतात. काचेवर अंगठ्याला कड लागत नाही, त्यामुळे अंगठा कुठे आहे हे पाहायला नजर खाली जाते आणि तेवढ्यात गोळी लागते. काँट्रात आठ दिशांनी गोळी झाडता येते आणि धावत, उडी मारत तिरकी गोळी मारणे हा त्या खेळाचा प्राण आहे. काचेवर ते जवळजवळ अशक्य आहे. म्हणून मोबाइलवर काँट्रा खेळून त्याच्याविषयी मत बनवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

चित्राचे थोडक्यात सांगतो. मूळ चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे असते आणि ते चारास तीन या आकाराच्या पडद्यासाठी काढलेले असते. नव्या रुंद टीव्हीवर ते दोन्ही बाजूंना ताणले जाते आणि मारिओ आडवा पसरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चारास तीन हा आकार निवडला की हा प्रश्न मिटतो. दुसरे म्हणजे, या यंत्राला एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलत्या आकृत्या दाखवता येत नाहीत, म्हणून गर्दी झाली की आकृत्या लुकलुकतात. ट्यूबवर हे कमी जाणवते, सपाट पडद्यावर डोळ्यात खुपते. ज्यांनी हे सगळे काळ्यापांढऱ्या पोर्टेबल टीव्हीवर खेळले आहे, त्यांना रंगच नवीन वाटतात, आणि त्यांच्यासाठी हा अनुभव उलट आधीपेक्षा चांगला होतो.

म्हणून खर्च करण्याआधी एक चाचणी घरीच करा. कॉम्प्युटरवर हे जुने खेळ चालवणारा मेसेन नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. त्यात ‘डेंडी’ ही पद्धत निवडली की खेळ ५० च्या चालीने चालतो. डेंडी हे रशियात गाजलेल्या अशाच एका नकली संचाचे नाव आहे. आवाजाच्या लहरींची अदलाबदल करण्याची सोयही त्यात आहे. त्याला तारेचा कंट्रोलर जोडा, बिनतारी नको. काँट्रासाठी आणखी एक सरळ मार्ग आहे: कोनामी कंपनीने २०१९ मध्ये जुन्या काँट्रांचा अधिकृत संग्रह काढला आहे, त्यात हा खेळ आहे आणि तो कॉम्प्युटरवरही चालतो. वेग मात्र त्यात मूळचाच मिळेल. ही चाचणी करून दहा मिनिटांत पुन्हा कंटाळा आला, तर संच दुरुस्त करण्यावर पैसे घालू नका. विसाव्या मिनिटालाही हातात कंट्रोलर असेल, तर पुढचे वाचा.

आता खेळांच्या गुणवत्तेबद्दल. सुपर मारिओ ब्रदर्स सप्टेंबर १९८५ मध्ये आला आणि त्याची पूर्ण सामग्री अवघी ४० किलोबाइट आहे. जागा इतकी थोडी होती की त्यातले ढग आणि झुडपे यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. अशा अडचणीत बनवलेला असूनही या खेळाची रचना आजही मला अचंबित करते. पहिल्याच टप्प्यातले पहिले मशरूम आठवा. ठोकळ्यातून निघून ते उजवीकडे जाते, खाली पडते, पुढच्या नळीवर आपटते आणि परत तुमच्याकडेच येते. नवखा मुलगा त्याला घाबरून पळायला बघतो, पण बहुतेक वेळा ते त्याला गाठतेच, आणि मारिओ मोठा झाला की कळते की ही वस्तू चांगली आहे. त्याच टप्प्यात शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मध्ये साधी जमीन आहे, तिथे उडी चुकली तर काही बिघडत नाही. दुसऱ्या जोडीच्या मध्ये खड्डा आहे. एक अक्षरही न लिहिता मुलाला आधी सराव दिला आणि मग परीक्षा घेतली. बटण जास्त वेळ दाबले तर उडी उंच जाते, धावत असताना मारली तर लांब जाते आणि हवेत असतानाही दिशा बदलता येते, या तीन गोष्टींवर आठ जगांचे ३२ टप्पे उभे आहेत. हे कौशल्य जुने झालेले नाही. म्हणूनच उशीर दूर झाला की हा खेळ लगेच पूर्वीसारखा हाताला बसतो.

हाताला बसतो हे मी रोजच्या पाहण्यातून सांगतो. दुरुस्ती झाल्यावर मी माणसाला टेबलावरच्या १४ इंची ट्यूबच्या टीव्हीवर खेळवून बघतो, कारण रिमोटची, म्हणजे कंट्रोलरची, बटणे नीट लागली की नाही हे त्याच्या हातूनच कळते. गेल्या पावसाळ्यात एक शिक्षक आले होते. ‘मला काहीच आठवत नाही’ असे ते म्हणत होते. भुयाराचा दुसरा टप्पा आला, आणि बोलता बोलता ते शेवटच्या विटांवरून छतावर चढले आणि बाहेरच्या नळीकडे न उतरता वरूनच पुढे चालत गेले. तिथे चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या जगात जाणाऱ्या तीन नळ्या आहेत. त्या समोर आल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘हे मला कुठून माहीत?’ ती वाट त्यांना त्यांच्या मामेभावाने दाखवली होती, हे त्यांना त्यानंतर आठवले.

काँट्राचे वेगळे आहे. घरी खेळला जाणारा काँट्रा १९८८ चा. त्यात आठच टप्पे आहेत आणि सराव असलेला माणूस तो अर्ध्या तासाच्या आसपास संपवतो. मग आपल्याला तो इतका अवाढव्य का वाटत होता? कारण एक गोळी लागली की जीव जातो, आणि हातात जीव तीनच. त्या काळात खेळाची लांबी अशी कठीणपणातून काढली जाई, कारण कॅसेटमध्ये जागा कमी होती आणि मुलांकडे वेळ भरपूर होता. तुमच्याकडे तेव्हा अख्खा मे महिना होता, आज रात्री जेवणानंतरची वीस मिनिटे आहेत. या वीस मिनिटांत तुम्ही दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचून मरता आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो. कंटाळा यातून येतो. ३० जिवांची ती प्रसिद्ध बटणांची किल्ली, वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, सुरुवातीला बिनदिक्कत वापरा. ही किल्ली कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रेडियस या दुसऱ्या खेळाची घरगुती आवृत्ती तपासणे सोपे जावे म्हणून बनवली होती, म्हणजे तिचा उद्देशच खेळ पूर्ण पाहता यावा हा होता. एकदा आठही टप्पे पाहून झाले की मग तीन जिवांवर या. शत्रू कुठून येणार हे ठाऊक झाल्यावर या खेळातला खरा आनंद सुरू होतो, कारण त्यात नशिबाचा भाग फार कमी आहे आणि प्रत्येक मरण टाळता येण्यासारखे असते.

एक छोटी गोष्ट जाता जाता. काँट्राच्या पहिल्या टप्प्यातल्या जंगलात झाडांची पाने हलत होती आणि टप्प्यांच्या मध्ये नकाशा येत होता असे तुम्हाला आठवत असेल, तर तुमच्या कॅसेटमध्ये जपानी आवृत्ती होती. अमेरिकी आवृत्तीत हे दोन्ही नाही. दोन भावांच्या आठवणी यावरून जुळल्या नाहीत तर वाद घालू नका, दोघे वेगवेगळ्या कॅसेटींबद्दल बोलत असतील.

काँट्राचा निकाल मात्र एकट्याने खेळून देता येत नाही. तिसऱ्या टप्प्यातला धबधबा आठवा. जो आधी वर चढतो तो पडदा वर ओढतो आणि मागे राहिलेला खाली पडून मरतो. तिथे ‘थांब रे’, ‘ये की लवकर’ असे ओरडावेच लागते. एस अक्षराचे, एकदम अनेक गोळ्या पसरवणारे हत्यार कोणी उचलायचे, हेही बोलूनच ठरते. हा खेळ दोघांच्या बोलण्यासाठी रचलेला आहे. तुम्ही पुण्यात रात्री एकट्याने खेळलात तेव्हा त्यातला अर्धा भाग हजरच नव्हता. मैत्री आणि लहानपण यांमुळे वाईट खेळही चांगला वाटतो, असे काही जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण रोड फायटर, सर्कस चार्ली यांसारखे खेळ आपण त्याच भावंडांबरोबर खेळलो होतो, आणि आज त्याच भावंडांना पुन्हा एकत्र बसवले तरी पंधरा मिनिटांत ते खेळ बदलतात. रोड फायटरचेच पाहा: गाडी चालवायची, पेट्रोल संपण्याआधी पोहोचायचे, यापुढे त्यात शिकण्यासारखे काही उरत नाही. माणसे तीच असून एक खेळ चालतो आणि दुसरा चालत नाही, तेव्हा फरक खेळाच्या रचनेतच असतो.

सगळ्यांत चांगला टिकलेला खेळ कोणता असे मला विचारले, तर मी आपण ज्याला नुसते ‘टँक’ म्हणत होतो त्याचे नाव घेईन. तो नामको कंपनीचा १९८५ चा बॅटल सिटी. त्यात ३५ टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यात शत्रूचे २० रणगाडे येतात आणि खालच्या गरुडाचे रक्षण करायचे असते. नियम एका मिनिटात समजतात, दोघे एकत्र खेळतात, एकाची गोळी दुसऱ्याला लागली तर तो थोडा वेळ जागेवर खिळतो, आणि स्वतःचा नकाशा विटा, लोखंड, पाणी, झाडी मांडून बनवता येतो. काळ्यापांढऱ्या टीव्हीवरही तो उत्तम चालत होता, कारण त्यात रंगावर फारसे काही अवलंबून नाही.

बंदुकीने बदके मारायच्या खेळाबद्दल, म्हणजे डक हंटबद्दल, मात्र आशा ठेवू नका. बंदुकीचा घोडा दाबला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो पांढरा उजेड त्याच क्षणी दिसला की नाही एवढेच पाहतो. सपाट टीव्हीवर चित्र उशिरा उमटते आणि उजेडाची जातही ट्यूबसारखी नसते, त्यामुळे नेम कितीही अचूक असला तरी बदक उडून जाते. बंदूक बिघडली समजून अनेक जण ती माझ्याकडे आणतात आणि ट्यूबच्या टीव्हीवर लावली की ती ठणठणीत निघते. हा खेळ हवा असेल तर ट्यूबचा टीव्ही हवा, दुसरा उपाय माझ्याकडे नाही. आणि ‘९९९९ इन वन’ कॅसेटकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यात खेळ मोजकेच असतात, बाकी तेच खेळ वेगळ्या टप्प्यापासून किंवा जास्त जिवांसह पुन्हा पुन्हा यादीत घातलेले असतात.

आता तुमच्या माळ्यावरच्या संचाबद्दल. पत्र्याखालच्या माळ्यावर सोलापूरच्या मे महिन्यात जी उष्णता असते, तिच्यात सगळ्यांत आधी कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुकतात. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील किंवा आवाजात घरघर असेल, तर बहुधा तेच कारण असते आणि ते बदलणे किरकोळ खर्चाचे काम आहे. रिमोटची बटणे दाबूनही लागत नसतील, तर रबराखालचा कार्बन झिजलेला असतो. नवे रबर मिळाले नाही तरी कार्बनचा लेप देऊन काम भागते. वायर बहुतेक वेळा नऊ पिनांच्या सॉकेटजवळच आतून तुटलेली असते. कॅसेट लागत नसेल तर तिच्यात फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी ते केले आहे, पण फायदा होई तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याचा. फुंकरेतली ओल पिनांना गंज चढवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने कॅसेटच्या पिनांची पट्टी पुसा, फारच काळी असेल तर पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, पॉलिश पेपर कधीही लावू नका.

संच उघडल्यावर आत मी वर सांगितलेल्या सुट्या चिपा दिसल्या तर दुरुस्ती जरूर करा, तो टिकाऊ माल आहे. नंतरच्या काळातल्या स्वस्त संचांत किटवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर, काळ्या लाखेसारखा एकच गोळा असतो आणि सगळे यंत्र त्याच्या आत असते. तो गोळाच बिघडला असेल तर दुरुस्ती होत नाही. त्यावर पैसे घालू नका, कॉम्प्युटरची सोयच करा. तुमच्या सोलापूरच्या घरी जुना ट्यूबचा टीव्ही चालू स्थितीत असेल तर तो भंगारात देऊ नका. या सगळ्या व्यवहारात आता सर्वांत दुर्मिळ होत चाललेली वस्तू तीच आहे.

मुलाबद्दल एवढेच सांगतो की त्याला काँट्रा पहिल्यांदा देऊ नका. चूक केली की सगळे पहिल्यापासून, ही पद्धत त्याने कधी पाहिलेली नाही, आणि त्याला ती अन्यायाची वाटली तर त्यात त्याचा दोष नाही. टँकपासून सुरुवात करा. नकाशा त्याला बनवू द्या आणि त्या नकाशावर तुम्ही दोघे भाऊ खेळा. मुले स्वतः रचलेला नकाशा मोठ्यांना कसा अडवतो हे पाहायला आवडीने बसतात आणि मग रिमोट स्वतःच मागतात. त्यानंतर मारिओ द्या आणि पहिल्या टप्प्यात त्याला काहीही सांगू नका. मशरूम आणि पायऱ्या ते काम तुमच्यापेक्षा चांगले करतील.

शेवटची सूचना संचाच्या सुरक्षिततेची आहे. दिवाळीत माळ्यावरून संच काढल्या काढल्या जुना अ‍ॅडॅप्टर लावून चालू करू नका. ९ व्होल्टचे जुने अ‍ॅडॅप्टर मोकळे, म्हणजे संचाला न जोडलेले, असताना १२-१३ व्होल्टही दाखवतात, त्याने घाबरण्याचे कारण नाही, पण पिनेच्या आत अधिक आहे की उणे, हे प्रत्येक बनावटीत वेगळे असते, आणि हरवलेल्या अ‍ॅडॅप्टरच्या जागी घरातला दुसराच लावलेला असणे फार सामान्य आहे. उलटा प्रवाह गेला तर चांगला संच एका क्षणात कायमचा बंद होऊ शकतो. कोणत्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून मीटर लावून तेवढे तपासून घ्या, आणि तपासताना संचावर छापलेल्या खुणेशी ताडून पाहायला सांगा.